साठीच्या आसपास मोफत डेटिंग ॲप निवडताना: कसोट्या, पायऱ्या आणि खाचखळगे

जवळजवळ प्रत्येक डेटिंग ॲप फुकटात डाउनलोड होतं आणि खातंही फुकटात उघडतं. पाहायचं असतं ते त्यापुढचं: आलेला मेसेज पैसे न भरता वाचता येतो का, आणि त्याला उत्तर देता येतं का? एवढी एकच कसोटी लावली तरी यादीतली बरीच नावं गळतात. वय जास्त असेल तर ती आणखी महत्त्वाची, कारण 'फक्त पन्नाशीपुढच्यांसाठी' अशी जाहिरात करणाऱ्या बऱ्याच सेवांमध्ये दार सताड उघडं आणि बैठकीच्या खोलीला कुलूप, असा प्रकार असतो.

म्हणून डाउनलोडचा आकडा, जाहिरातीतली हसरी जोडपी, ओळखीच्यांची शिफारस या सगळ्याच्या आधी एवढंच तपासायचं की पहिल्या ओळखीपासून प्रत्यक्ष भेटीपर्यंतचा सगळा प्रवास मोफत खात्यावर पार पडतो का. त्याला साधारण एक आठवडा पुरतो, तोही रोज वीस-पंचवीस मिनिटं देऊन.

आधी कागदावर तीन ओळी

पहिली ओळ: नक्की काय हवंय. लग्न, लग्नाशिवाय सोबत, फिरायला-नाटकाला जोडीदार की नुसत्या गप्पा? दुसरी: भेटायला किती लांब जायची तयारी आहे. इथे नकाशावरचे किलोमीटर मोजू नका, प्रवासाचा वेळ मोजा. रात्री गाडी चालवायला नको वाटत असेल तर पन्नास किलोमीटरची मर्यादा कागदावरच राहते. तिसरी ओळ: कोणी पाहिलं तर चालणार नाही. मुलं, सून-जावई, जुने सहकारी, शेजारी. या तिसऱ्या ओळीचा उपयोग पुढे सेटिंगमध्ये होणार आहे.

पैसे नेमके कुठे अडवतात

पहिल्या गटात सगळंच मोफत असतं. फेसबुक डेटिंग हे त्याचं ठळक उदाहरण. ते फेसबुकच्या ॲपमध्येच असतं, त्याची वेगळी प्रोफाइल बनते आणि तुमचे फेसबुक मित्र तुम्हाला आपणहून सुचवले जात नाहीत. मात्र नाव आणि वय फेसबुकच्या खात्यावरूनच उचललं जातं, आणि ही सोय सगळ्या देशांत नाही. फेसबुकच्या मेनूमध्ये 'डेटिंग' दिसत नसेल तर ते शोधण्यात वेळ घालवू नका. त्या नावाचं वेगळं ॲप कुठे सापडलं, तर ते खोटं समजा.

दुसऱ्या गटात दोघांनी एकमेकांना पसंत केलं, म्हणजे 'मॅच' झाली, की गप्पा मोफत. टिंडर, बंबल, हिंज आणि ओकेक्युपिड या गटातले. इथे पैसे मागितले जातात ते सोयींसाठी: दिवसाला जास्त लाइक, तुम्हाला कोणी लाइक केलं ते उघड पाहणं, चुकून डावीकडे सरकवलेली, म्हणजे नाकारलेली, व्यक्ती परत आणणं, बारीक गाळण्या लावणं. यातलं काहीही नसलं तरी काम चालतं.

तिसऱ्या गटात नोंदणी मोफत, संवाद सशुल्क. अवरटाइम आणि सिल्व्हरसिंगल्ससारख्या पन्नाशीपुढच्यांच्या सेवा बहुतांशी या वळणाच्या. त्या वाईट आहेत असं नाही, पण मोफत ॲप शोधणाऱ्याला त्या उपयोगाच्या नाहीत. या गटात एक ठरलेला अनुभव येतो. खातं उघडून काही तास होत नाहीत तोच 'तुम्हाला कोणीतरी मेसेज पाठवला आहे' असा ईमेल येतो आणि वाचायला गेलं की वर्गणी मागितली जाते. 2019 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने टिंडरची मालक कंपनी असलेल्या मॅच ग्रुपवर खटला भरला, तेव्हा एक आरोप नेमका असाच होता: ज्या खात्यांवर कंपनीला स्वतःलाच फसवेगिरीचा संशय होता, त्यांच्या मेसेजच्या सूचना मोफत सदस्यांना पाठवून त्यांना वर्गणी भरायला लावलं. कंपनीने तो नाकारला. निकाल काहीही असो, न वाचता येणाऱ्या मेसेजसाठी पैसे भरू नयेत, हा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

किंमत सगळ्यांना सारखीच दाखवली जाते, असंही समजू नका. टिंडरने 2015 मध्ये आपली सशुल्क योजना आणली तेव्हा अमेरिकेत तिशीच्या आतल्यांपेक्षा तिशीच्या पुढच्यांना दुप्पट दर लावला होता. 2018 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने हा वयभेद कायद्यात बसत नसल्याचं म्हटलं. पुढेमागे पैसे भरायचं ठरवलंच, तर दुसऱ्या कोणाच्या फोनवर तीच योजना केवढ्याला दिसते ते आधी पाहा.

कोणतं ॲप कोणाला सोयीचं

भराभर डावी-उजवी करायचा कंटाळा येत असेल आणि दोन ओळी नीट लिहायला आवडत असेल, तर हिंज बरं. तिथे सहा फोटो आणि तीन छोटी प्रश्नोत्तरं असतात. समोरच्याच्या एखाद्या उत्तरावर किंवा फोटोवर बोट ठेवून त्यालाच प्रतिक्रिया देता येते, त्यामुळे 'हाय'च्या पुढे बोलणं सरकतं. मोफत खात्यावर दिवसाला मोजकेच लाइक मिळतात. आमच्या मते ही मर्यादा उलट फायद्याची आहे, कारण त्यामुळे माणूस वाचून निवडतो.

ओकेक्युपिड 2004 पासून आहे आणि त्याचा भर प्रश्नांवर आहे. धर्म, राजकारण, सिगारेट, मुलं, पैशाचे व्यवहार अशा विषयांवरचे प्रश्न सोडवत गेलं की समोरच्याशी जुळण्याची टक्केवारी दिसते. पाच-दहा प्रश्नांवर आलेल्या टक्केवारीला काही अर्थ नसतो. निदान पन्नास प्रश्न सोडवा, आणि टक्केवारीपेक्षा ज्या उत्तरांवर मतभेद आहेत ती उघडून वाचा. व्यसनावर न जुळणं वेगळं आणि सिनेमाच्या आवडीवर न जुळणं वेगळं.

बंबलमध्ये स्त्री-पुरुष जोडीत बोलण्याची सुरुवात स्त्रीच्या हातात असते. नको त्या मेसेजचा मारा सहन न होणाऱ्या स्त्रियांसाठी ही मोठी सोय. 2024 पासून स्त्रीला एखादा प्रश्न आधीच लावून ठेवता येतो, मग त्याचं उत्तर देऊन पुरुषही सुरुवात करू शकतो. अडचण वेळेची आहे: मॅच झाल्यावर पहिल्या मेसेजला 24 तास आणि त्याच्या उत्तराला 24 तास. फोन दोन-दोन दिवस न उघडणाऱ्यांच्या मॅच अशाच विझतात, आणि मग ॲपवर कोणी बोलतच नाही असा गैरसमज होतो. बंबल वापरायचं तर सूचना चालू ठेवा आणि रोजची एक वेळ ठरवा.

टिंडर सगळ्यात माहितीचं, पण तिथली गर्दी तरुणांची. मोठ्या शहरात साठीचे लोकही बऱ्यापैकी सापडतात, छोट्या गावात क्वचितच. एकाच वेळी दोनपेक्षा जास्त ॲप्स ठेवू नका. तीन ठिकाणची संभाषणं सुरू झाली की कोणाला काय सांगितलं याचा गोंधळ उडतोच.

डाउनलोड करण्याआधी दहा मिनिटं

ॲप स्टोअरच्या पानावर सर्वांत आधी कंपनीचं नाव पाहा. सारखं नाव आणि सारखं चिन्ह असलेली नकली ॲप्स असतात, त्यामुळे अधिकृत वेबसाइटवर दिलेल्या दुव्यावरूनच स्टोअरमध्ये जाणं उत्तम. मग 'इन-ॲप खरेदी' उघडून कोणकोणत्या वस्तू विकल्या जातात ते पाहा. 'मेसेज' किंवा 'क्रेडिट' विकायला असतील, म्हणजे बोलण्याचे दर मेसेजमागे लागत असतील, तर ते ॲप तिथेच सोडा. या पद्धतीत समोरच्याने तुम्हाला बोलत ठेवण्यातच कमाई असते.

परीक्षणं 'नवीन आधी' अशी लावून एक ते तीन ताऱ्यांची वाचा. 'आपोआप पैसे कापले', 'खातं काढता येत नाही', 'उत्तर वाचायला पैसे मागतात' ही वाक्यं पुन्हा पुन्हा दिसली तर पुढे जाऊ नका. शेवटी स्टोअरवरची गोपनीयतेची माहिती चाळा. ती कंपनीनेच भरलेली असते, म्हणून तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवा. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने 2024 मध्ये 25 डेटिंग ॲप्स तपासली, तेव्हा त्यातल्या 22 ॲप्सना गोपनीयतेबाबत धोक्याचा शेरा मिळाला होता. पूर्ण सुरक्षित ॲप शोधत बसण्यात अर्थ नाही. आपण काय भरायचं नाही, ते मात्र आपल्या हातात असतं.

खातं उघडताना

फक्त याच कामासाठी नवीन ईमेल बनवा. त्यात आडनाव, जन्मवर्ष घालू नका. मोबाइल नंबर बहुतेक ठिकाणी द्यावाच लागतो. तो ओटीपीसाठी असतो, प्रोफाइलवर दिसत नाही.

जन्मतारीख खरी भरा. पाच वर्षं कमी लावण्याचा मोह होतो, पण ॲप त्याच आकड्यावर लोक दाखवतं आणि नंतर तो बदलू देत नाही. पुढे भेट ठरली की पहिलीच कबुली खोट्या वयाची द्यावी लागते.

लोकेशनची परवानगी 'ॲप वापरत असतानाच' एवढीच द्या आणि अचूक लोकेशन बंद ठेवा. अंतर दोन-चार किलोमीटरने चुकलं तरी बिघडत नाही. संपर्कयादी मागितली तर नकार द्या. आता कागदावरची तिसरी ओळ काढा: टिंडर आणि हिंजमध्ये ठरावीक लोकांना आधीच ब्लॉक करण्याची सोय आहे. नंबर एकेक हाताने टाकले की ती माणसं त्याच नंबरने त्या ॲपवर असली तरी एकमेकांना दिसत नाहीत. दुसऱ्या नंबरने खातं उघडलेल्याला हे लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

फोनमधली अक्षरं मोठी केलेली असतील तर काही ॲप्समध्ये खालची बटणं पडद्याबाहेर जातात. पहिल्या दिवशीच चॅट, सेटिंग, ब्लॉक हे तीन पडदे उघडून सगळं दिसतंय का पाहा. बोट घसरून चुकीची निवड होत असेल, तर सरकवण्याऐवजी फुली आणि हृदयाची बटणं दाबा.

खरेदीचा पडदा अचानक समोर येतो आणि बंद करण्याची फुली कोपऱ्यात फिकट रंगात असते. अशा वेळी आयफोनवर बाजूचं बटण दोनदा दाबू नका, त्याने खरेदी पक्की होते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक खरेदीला पडताळणी' चालू करून ठेवा.

फोटो गेल्या वर्षभरातले हवेत. दिवसाच्या उजेडात, चष्मा लावत असाल तर चष्म्यासह, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उभा. नातवंडांचे फोटो नकोत, घराची पाटी, गाडीचा नंबर, सोसायटीचं फाटक मागे दिसत असलेले तर मुळीच नकोत. मजकुरात 'साधा, सरळ, प्रेमळ' असं लिहून कोणाला काही कळत नाही. 'सकाळी सहाला चालायला जातो, संध्याकाळी बुद्धिबळ' यावरून कळतं. जोडीदार गेल्याचा उल्लेख करायचा तर एका वाक्यात करा. निवृत्तिवेतन, घर, शेअर यांचा उल्लेख कुठेही नको, कारण फसवणारे नेमके हेच शब्द शोधत असतात.

आठवड्याची चाचणी

पहिल्या दिवशी वय आणि अंतराची गाळणी लावा. टिंडरसारख्या ॲपमध्ये 'लोक संपले की मर्यादेबाहेरचेही दाखवा' असा पर्याय असतो, तो बंद करा, नाहीतर मोजणी खोटी होते. मग मोजा: तुमच्या वयोगटातले, तुमच्या अंतरातले, एकापेक्षा जास्त फोटो असलेले आणि दोन ओळी तरी लिहिलेले लोक किती? वीसच्या आत संपले तर ते ॲप कितीही चांगलं असलं तरी तुमच्या भागात उपयोगाचं नाही. अंतर वाढवून मोजणी सजवू नका, ते तुम्ही विचार करून ठरवलेलं आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळून दहाएक जणांना लाइक करा, जमेल तिथे त्यांच्या मजकुरातल्या एखाद्या गोष्टीबद्दल विचारा. सगळ्यांनाच लाइक करण्याचा उपाय फसतो: दिवसाचा कोटा संपतो आणि ज्यांच्याशी बोलायचंच नाही अशांच्या मॅच साचतात.

चौथ्या दिवशी मुख्य परीक्षा. निदान एका मॅचशी मेसेजची देवाणघेवाण पैशाशिवाय झाली का? इथे अडलं तर पुढचे दिवस वाया घालवू नका. पाचव्या दिवशी चॅटमधून ब्लॉक आणि रिपोर्ट किती पायऱ्यांवर आहेत ते पाहा. तीन टिचक्यांपेक्षा जास्त लागत असतील तर घाबरलेल्या क्षणी ते सापडणार नाहीत. सहाव्या दिवशी ॲप उघडूच नका. एरवी शांत असलेल्या ॲपवरून त्याच दिवशी 'कोणीतरी तुम्हाला पाहतंय' अशा सूचनांचा पाऊस पडला तर त्यामागे माणसं कमी आणि विक्रीचं गणित जास्त. सातव्या दिवशी सेटिंगमध्ये खातं कायमचं काढण्याचा पर्याय सापडतो का ते बघा आणि निर्णय घ्या.

पहिल्या दोन दिवसांतल्या प्रतिसादावरून मत बनवू नका. नव्या खात्याला सुरुवातीला जास्त लोकांपुढे आणलं जातं असं बऱ्याचदा दिसतं, आणि मग ओघ आटतो.

फसवणूक कशी सुरू होते

फेडरल ट्रेड कमिशनकडे 2022 या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या जवळपास 70,000 तक्रारी आल्या आणि त्यांतलं नुकसान 1.3 अब्ज डॉलर होतं. बहुतेकांची सुरुवात सारखीच असते. समोरची व्यक्ती परदेशी कामावर असते: सैन्यातला डॉक्टर, समुद्रातल्या तेलविहिरीवरचा अभियंता, जहाजावरचा अधिकारी. या कामांमुळे भेट न होण्याचं कारण आपोआप तयार असतं. दोन-तीन दिवसांतच ती व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर यायला सांगते, कारण ॲपवर तक्रार झाली तर खातं बंद पडतं. मग सकाळ-संध्याकाळ मेसेज, भविष्याच्या गोष्टी, आणि काही आठवड्यांनी अडचण: अडकलेलं पार्सल, दवाखान्याचं बिल, तिकिटाचे पैसे.

दुसरा प्रकार पैसे मागतच नाही. तो स्वतःचा नफा दाखवतो, क्रिप्टो किंवा ट्रेडिंगचं ॲप सुचवतो, आधी छोटी रक्कम टाकायला लावून नफ्यासह परतही करतो. मोठी रक्कम टाकली की ती काढण्यासाठी 'कर' मागितला जातो. इथे हुशार, हिशोबी माणसंही अडकतात, कारण सुरुवातीचा परतावा खरोखर हातात पडलेला असतो.

तपासणीसाठी प्रोफाइलच्या फोटोचा स्क्रीनशॉट गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनांत टाका. तोच चेहरा दुसऱ्या नावाने दिसला तर प्रश्न मिटला. काहीच सापडलं नाही तर मात्र व्यक्ती खरी ठरत नाही, कारण संगणकाने बनवलेले चेहरे शोधात सापडत नाहीत. प्रोफाइलवरची पडताळणीची निळी खूण म्हणजे सेल्फी आणि फोटो जुळले, एवढंच. वैवाहिक स्थिती, नोकरी, हेतू यांची खात्री ती देत नाही. पहिल्या आठवड्यातच ॲपमधूनच व्हिडिओ कॉल करा, बंबलसारख्या ॲप्समध्ये नंबर न देता तो होतो. बोलताना मान पूर्ण बाजूला वळवायला किंवा चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. बनावट चेहरा अशा वेळी बऱ्याचदा फाटतो, नेहमीच नाही. म्हणून प्रत्यक्ष भेट होईपर्यंत कोणत्याही कारणासाठी, कितीही कमी रकमेचे पैसे पाठवणं, गिफ्ट कार्डचे नंबर देणं किंवा बँक खातं वापरू देणं यातलं काहीही करू नका. खातं वापरू दिलं आणि त्यातून चोरीचे पैसे फिरले तर तक्रार तुमच्यावर येते.

आलेला ओटीपी मागणारा आणि 'भेटीआधी सुरक्षा ओळखपत्र काढा' म्हणून कार्डाची माहिती भरायला लावणारा दुवा पाठवणारा, हे दोघेही त्याच टोळीतले. कॅमेऱ्यासमोर कपडे काढायचा आग्रह झाला तर कॉल तोडा, ते चित्रण पुढे धमकीसाठी वापरलं जातं.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला बँकेला फोन करा. अनमॅच करण्याआधी, म्हणजे मॅच तोडण्याआधी, संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, कारण अनमॅच केलं की ते सहसा नाहीसं होतं. मग ॲपवर रिपोर्ट आणि पोलिसांत तक्रार. त्यानंतर 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा फोन येईल. फी घेऊन पैसे सोडवणारे हे बहुधा तेच लोक असतात.

पहिली भेट

दिवसा, गर्दीच्या ठिकाणी, तासाभराची, आणि स्वतःच्या सोयीने जाऊन-येऊन. घरी घ्यायला येणं नको. कुठे, कोणाबरोबर हे एका विश्वासू माणसाला कळवा आणि फोनमधून तेवढ्या वेळापुरतं लोकेशन पाठवा. नातं पुढे शारीरिक जवळिकीकडे गेलं तर निरोधाचा वापर वयाबरोबर संपत नाही; गर्भधारणेची चिंता नसली तरी संसर्गाची असते.

ॲप सोडताना

फोनवरून ॲप उडवलं की प्रोफाइल जात नाही, ती इतरांना दिसत राहते. आधी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'खातं काढा' निवडा. 'थांबवा' किंवा 'लपवा' हे वेगळे पर्याय आहेत. आणि कधी मोफत चाचणी म्हणूनसुद्धा वर्गणी सुरू केली असेल, तर खातं काढूनही ती चालूच राहते, कारण पैसे स्टोअर कापतं. आयफोनवर सेटिंग, मग स्वतःचं नाव, मग सबस्क्रिप्शन्स. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, प्रोफाइल चित्र, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स. मुदत संपायच्या निदान दोन दिवस आधी रद्द करा. आयफोनवर शेवटच्या 24 तासांत रद्द केलं तर पुढचा हप्ता कापला जाऊ शकतो. वेबसाइटवर कार्ड भरलं असेल तर ते स्टोअरच्या यादीत दिसणारच नाही, तिथे त्या साइटवर लॉगिन करून रद्द करावं लागतं. रद्द झाल्याचा ईमेल पुढचं बँकेचं विवरण येईपर्यंत जपून ठेवा.